कोपऱ्यापर्यंत चालून बघा

सासूबाई दाढ काढायला गेल्या आणि जाताना त्यांनी सुनेच्या हातात पहिल्यांदाच दुकानाच्या किल्ल्या ठेवल्या. लग्नाला तीन महिने झालेले. ते तीन महिने पोरगी मागच्या खोलीत बुटांची खोकी नंबरवार लावत होती, आज कुठे गल्ल्यावर बसली. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आई परत येतील तेव्हा दुकानात बुटाची नाडीसुद्धा इकडची तिकडे झालेली नसावी.

आणि नेमके आजच ते म्हातारे गृहस्थ आले. काळे बूट पायात चढवले आणि म्हणाले, "तपकिरी पण दाखव." ती मागे जाऊन शिडीवर चढली, खोकं घेऊन आली, तर गृहस्थ गायब. बाकाखाली टाचा झिजलेले जुने बूट, आणि नवे गेले रस्त्याने.

ती धावत सुटली. कोपऱ्यावर तिने त्यांची बाही धरली.

"अगं, परतच येत होतो," ते म्हणाले.

असं कुठला चोर म्हणत नाही? तिने त्यांना आणून बाकावर बसवलं, नवे बूट काढून घेतले, जुने मागच्या खोलीत ठेवले, त्यांच्या हातातली पिशवी गल्ल्यामागे टाकली आणि शटर खाली ओढलं. डोकं लढवलं होतं हो पोरीने. नुसत्या मोज्यांवर कोण पळणार? उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसला तेव्हा तिला जरा वाईट वाटलं, पण तिने मन घट्ट केलं.

"पोलिसांना फोन केलास?" त्यांनी विचारलं.

"आई आल्या की बघू."

"इथेच चुकलीस. संशय आला, थांबवलंस, विचारलंस, तोवर ठीक. मग लगेच पोलिसांना कळवायचं. दार लावून कोंडायचं नाही. माणसाच्या पिशवीला त्याला न विचारता हात लावायचा नाही. आणि पायातलं काढून घेणं म्हणजे कोंडण्यातच जमा. मी तक्रार केली तर बूट राहतील बाजूला आणि कोर्टाच्या पायऱ्या तू झिजवशील."

हे सगळं अगदी शांतपणे, मुलाला गणित समजवावं तसं. एवढा कायदा चोरालाच पाठ असणार, असं तिला वाटलं. पण तक्रार खरंच केली तर? किल्ल्या हातात येऊन दोन तास झाले नाहीत आणि दुकानाचं नाव कोर्टात. आई पुन्हा गल्ल्याजवळ उभं तरी करतील का?

तेवढ्यात शटर वाजलं. तिने ते वर केलं. सासूबाई, एक गाल टम्म, तोंडात कापूस.

"भाऊजी? तुम्ही असे मोज्यांवर?"

"कैदेत आहे, वहिनी. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय."

मग उलगडा झाला. घ्यायच्या आधी बूट घालून कोपऱ्यापर्यंत चालून बघायचं, ही सासऱ्यांनी घातलेली पद्धत. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या या काकांनी तीस वर्षं प्रत्येक जोड तसाच घेतला होता. सुनेला बिचारीला कोण सांगणार?

सासूबाईंनी तोंडातला कापूस काढला.

"नंबर शिकवले, भाव शिकवले, हेच सांगायचं राहिलं. चूक माझी आहे, भाऊजी. तक्रार करायची तर माझ्यावर करा, हिच्यावर नको."

तीन महिन्यांत सासूबाई तिच्या बाजूने एवढं बोलल्या त्या आजच, तेही दाढ काढून आल्यावर. पोरीचे डोळे भरून आले. तिने बूट, पिशवी सगळं आणून समोर ठेवलं. "काका, माफ करा."

"आधी नवे दे. माझं चालणं अर्धं राहिलंय."

ते बाहेर पडले. तिने मुद्दाम दाराकडे पाठ केली आणि खोकी आवरत बसली. बऱ्याच वेळाने पावलं वाजली.

"डावा चावतो. एक नंबर मोठा काढ."

तिने काढला. तोही कोपऱ्यापर्यंत जाऊन आला आणि पसंत पडला. मग फळीवरून मोज्यांचा एक नवा जोड घेऊन ती काकांच्या पिशवीशी वाकली, आणि तिथेच थांबली.

"काका," ती म्हणाली, "पिशवी जरा तुम्हीच उघडता का?"