हवाली करण्याआधी

आईने बटण दाबलं. पडद्यावर तिची ओळ उमटली, पुढची मुलीची ओळ उमटता उमटता राहिली आणि यंत्र पुन्हा गप्प झालं.

"तुझा कर्नल लोळण घेतोय," आई म्हणाली.

"तू नीट सोडतेस कुठे त्याला?"

टेबलावर दुपारचं ऊन पसरलं होतं. त्या उबेत आईला सगळं अर्धवट स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. यंत्राला पहिली जाग आणणारा प्रोग्राम, बूटलोडर, तिने लिहिलेला. प्रोसेसर जागा होतो तो जुन्या, अरुंद मोडमध्ये, एका खोलीलाच जग समजत. त्याला बोट धरून नव्या, प्रशस्त मोडमध्ये न्यायचं, मुलीने लिहिलेल्या, पुढचा सगळा कारभार पाहणाऱ्या कर्नलच्या हवाली करायचं आणि आपण बाजूला व्हायचं. मुलगीही अशीच तिचं बोट धरून या कामात आली होती. उद्या ती परगावी नोकरीवर निघणार होती. त्याआधी यंत्र उठायला हवं होतं. ते उठूच नये, असंही आईला मधूनच वाटे आणि त्याची लाजही वाटे.

आईच्या ओळींवरून फिरणारं मुलीचं बोट थांबलं.

"आई, तुझा टायमर चालूच आहे."

"असू दे की. खुशालीच तर विचारतो."

"मोड बदलल्यावर? त्याची हाक आली की प्रोसेसर तुझ्या जुन्या पत्त्यावर धावतो आणि तोंडघशी पडतो. हवाली करण्याआधी हाका बंद करायच्या, हे मला शिकवलं कुणी?"

आईने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. ही ओळ तिचा हात एरवी न सांगता लिही. या वेळीच कशी राहिली, हे मुलीने विचारलं नाही.

"बंद केल्या की कायमच्या बंद?" उत्तर आईला पाठ होतं.

मुलीने खुर्ची आईकडे वळवली.

"नाही गं. माझं तिकडे बस्तान बसलं की मीच सुरू करते. तोवर फक्त गप्प राहा."

आईने ओळ लिहिली. यंत्र उठलं.

मुलगी गेली त्या संध्याकाळी आईने फोन हातात घेतला, नंबर काढला आणि फोन पालथा ठेवून दिला. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच केलं. ती दिवा लावायला उठली, तेवढ्यात फोन वाजला.

"बसलं बस्तान?" आईने विचारलं.

"कुठलं. अजून खोकीसुद्धा उघडली नाहीत."