एका दिशेनं

पाबे घाटात मोटारसायकल घसरून इंद्रजित गेला. महिना उलटल्यावर मेहनाज पहिल्यांदाच गुंजवण्याला त्याच्या घरी आली. पुण्याच्या प्रयोगशाळेत दोघं एकाच टेबलावर संशोधन करायची. ती भोरची, तो इथला. पुण्यात राहिलेले त्याचे कपडे आणि जेवणाचा डबा तिनं पिशवीत भरून आणला होता.

"काय करीत हुता गं त्यो तितं?" त्याची आई, साळूबाई, विचारू लागली. "इचारलं की नुसता हसायचा."

मेहनाजनं मोबाईल काढला. "काकू, या पडद्याच्या आत एक द्रव असतो. वाहतो पाण्यासारखा, पण त्यातले कण शिस्तीत एकाच बाजूला तोंड करून राहतात. त्यात बारक्या गाठी पडतात. वीज लावली की त्या काय करतात, ते आम्ही बघत होतो."

तिनं प्रयोगाचा व्हिडिओ लावला. त्यात त्या गाठींचे शेकडो ठिपके जागच्या जागी थांबलेले होते. वीज सुरू झाली. आधी ते वाट्टेल तसे भरकटले, मग शेजारचा वळला तसा एकेक वळत गेला आणि सगळा कळप एका दिशेनं निघाला.

"जित्ती हाईत?"

"नाही काकू. वीज बंद केली की थांबतात."

तेवढ्यात मोबाईलमधून इंद्रजित ओरडला, "वळले गं सगळे! मेहनू, बघ ना!"

आवाज बंद करायचं ती विसरली होती.

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. "पुन्यांदा लाव," म्हणाली. पुन्हा लावलं, तरी पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती मेहनाजकडे बघत होती.

"लगीन करनार हुता व्हय?"

मेहनाजनं मान डोलावली. "गणपतीत घरी सांगणार होता."

इंद्रजितचे वडील चिमाजी दारातच उभे होते. "म्या न्हाई म्हनलं असतं," ते म्हणाले.

"व्हय. तुमी भांडला असता, म्या रडले असते," साळूबाई म्हणाली. "पर त्यो असता की वो."

चिमाजी मेहनाजला एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "पोरी, परत येऊ नगंस. तुला बघितलं की ती त्याची वाट बघत बसंल." मग तोंड फिरवून म्हणाले, "म्या बी."

पुढं त्या दोघांच्या प्रयोगाचा शोधनिबंध छापून आला, इंद्रजितचं नाव पहिलं. मेहनाजनं त्याची प्रत पोस्टानं गुंजवण्याला पाठवली. स्वतः गेली नाही. त्याच सुमारास भोरला अम्मीनं तिच्यासाठी स्थळं बघायला घेतली. ती प्रत्येकाला नाही म्हणत राहिली, आणि का, ते घरात कुणाला सांगता आलं नाही.