मुन्शीची हजेरी

मित्रांनो, आज माझ्या कडांना गंज चढला असला तरी मी एकेकाळी दिल्लीच्या सरकारी कचेरीतला पत्र्याचा ट्रे होतो. कारागिराने मला चांगला खोल ठोकला होता, म्हणून फायलींचा ढीग माझ्यात सहज मावे. त्या टेबलाचे अधिकारी काशीनाथ. पुढे कचेरीने मला भंगारात काढले, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज करून मला घरी आणले.

गुरुग्रामला, अकराव्या मजल्यावर, शी-शूसाठी माझ्यात वाळू भरली गेली आणि मुन्शी नावाचा बोका माझा नवा साहेब झाला. आधी मला वाईट वाटले. काशीनाथांनी मात्र मला कधी कमी लेखले नाही. रोज सकाळी ते वाळू चाळत, मुन्शीच्या लघवीने झालेले ओले गोळे मोजत आणि भिंतीवरच्या कागदावर आकडा मांडत. कागदाच्या माथ्यावर लाल शाईत नियम होता : ‘शून्य आल्यास त्याच दिवशी डॉक्टर.’ त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई म्हणत, साहेब रिटायर झाले, हजेरीपट नाही झाला.

या हिवाळ्यात काशीनाथ गेले. त्यांची मुलगी क्रांती मला साफ करी, पण मोजणे थांबले. तिने तो कागद काढला नाही आणि त्यावर काही लिहिलेही नाही.

काशीनाथांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या विधीला, आलेले पाहुणे परतले, त्या दिवशी मुन्शी पाच वेळा माझ्यात येऊन बसला. कुंथला, कण्हला, तसाच गेला. पाहुण्यांच्या ताटातले खाऊन पोट जड झाले असेल, असे समजून प्रेमलाबाई दह्यात इसबगोल कालवू लागल्या. क्रांतीने माझी वाळू चाळली. तळापर्यंत कोरडी. ती भिंतीपाशी गेली आणि बाबांच्या शेवटच्या आकड्याखाली तिने शून्य लिहिले. मग तिची नजर वरच्या लाल ओळीवर गेली.

“आई, इसबगोल राहू दे. पोट नाही, त्याची लघवी अडकलीय. मी कॅब बोलावते.”

पुढचे मी नंतर ऐकले. बोक्यांची मूत्रनळी फार अरुंद. बारीक खड्यांनी ती बंद झाली होती. डॉक्टर सुरुचींनी मुन्शीला भूल देऊन बारीक नळी घातली, अडथळा धुऊन काढला आणि तीन दिवस सलाईनवर ठेवले. लोक बद्धकोष्ठ समजून वेळ घालवतात आणि जनावर हातचे जाते, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, “आप आज ही कैसे समझ गईं?”

क्रांती म्हणाली, “पापा ने लिख रखा था.”

चौथ्या दिवशी मुन्शी घरी आला आणि थेट माझ्याकडे. बसला, शांतपणे, बराच वेळ. माझी वाळू ऊबदार ओली झाली. मित्रांनो, इतकी मोलाची फाईल माझ्यात कधीच आली नव्हती!

क्रांतीने भिंतीवर ‘१’ लिहिले. प्रेमलाबाई मागे उभ्या होत्या. “हजर,” त्या म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी त्या घरात कोणीतरी हसले.

गंजलो असलो तरी मला नवा रंग नको, एवढेच हवे. मुके जीव दुखणे सांगत नाहीत. ते माझ्यासारख्या ट्रेमध्ये ठेवून जातात. तेव्हा रोज सकाळी माझ्यात एकदा नीट बघा आणि मोजा.