लाल बटणावरची पेपरमिंट

हात मागे घ्या! आधी ऐका. मी लाल बटण बोलतोय, अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेच्या बाकावरचं. शेजारी हिरवं बटण आहे. ते दाबलं की 'होय', मला दाबलं की 'नाही'. तुमची सगळी लोकशाही आमच्या दोघांमधल्या बोटभर जागेत मावते.

कारखान्यात शेकडो भावंडांबरोबर घडलो. पण नशीब पाहा, मिळालो कुणाला? ऑर्विल टास्करला! गव्हाच्या कोठारात उभी हयात गेलेला, जाड बोटांचा, कट्टर रिपब्लिकन. नवा कर? नाही. राजधानीत नवं खातं? नाही. गव्हर्नरसाठी नवं विमान? नाही, नाही! हिरवं बटण कोरं करकरीत राहिलं. माझा रंग त्याच्या अंगठ्यानं झिजवला. 'नकारघंटा टास्कर' म्हणायचे त्याला. ती त्याला पदवीच वाटायची.

शेजारच्या बाकावर त्याच्याच पक्षाची लॉर्ना पिकेट. आमच्याकडे एक रिवाज आहे, कुठल्याही नियमात न लिहिलेला. बाहेर जाणाऱ्यानं हव्या त्या बटणावर काहीतरी ठेवायचं. मतदान आलंच तर शेजाऱ्यानं ते बटण दाबायचं. कुणी पेन्सिल ठेवतं, कुणी गाडीची किल्ली. ऑर्विल पेपरमिंटची गोळी ठेवायचा.

मग ते शाळांचं विधेयक आलं. लहान गावांतल्या शाळा बंद करायचा अधिकार राजधानीच्या हाती देणारं, आणि तेही ऑर्विलच्याच पक्षाचं! त्याच्या हार्लो बेंड गावची शाळा यादीत होती. गुरुवारी तिथं चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल असतात. मुलांबरोबर अख्खं गाव जेवतं. शाळा गेली की गाव गेलंच.

पक्षाचा प्रतोद मॅडॉक्स बाकाशी आला. "खर्च कमी करा म्हणून तूच बोंबलायचास ना? आता होतोय तर रडतोस?"

"राजधानीनं गावात नाक खुपसू नये, असंही बोंबलायचो. ते बरं विसरलास!"

"पुढच्या वेळी पक्षातलाच माणूस तुझ्यासमोर उभा करीन."

"कर की. गुरुवारी आण त्याला, जेवू घालतो."

मतदानाच्या दिवशी निरोप आला: गावाकडची माणसं बाहेर थांबलीत. ऑर्विलनं माझ्यावर गोळी ठेवली आणि तो धावला. बाहेर चिटपाखरू नव्हतं! तेवढ्यात सभापतींनी मतदान पुकारलं. आमच्याकडे मतदान पुकारलं की दारं बंद.

आणि मॅडॉक्स हसत हसत आला. गोळी माझ्यावरून उचलली, हिरव्यावर ठेवली.

चोर! चोर! मी ओरडलो. पण बटणाचं कोण ऐकतो?

फलकावर दिवे लागत गेले. हिरवा, लाल, लाल, हिरवा... बरोबरी! उरलं एकच मत, आमचं. लॉर्नानं स्वतः हिरवं दाबलं होतं. इथंही हिरवं दाबलं असतं तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. ती वाकली. थबकली.

"दाब की गं," मॅडॉक्स म्हणाला. "गोळी दिसत नाही?"

"दिसते ना. ऑर्विलनं हिरव्यावर ठेवली म्हणे! मग उद्या बैलही दूध देईल."

तिनं गोळी सोलली, तोंडात टाकली आणि मला दाबलं. असं दाबलं, की बाक हादरला!

विधेयक एका मतानं पडलं. दारं उघडली. ऑर्विल धापा टाकत आला.

"तुझी गोळी खाल्ली मी," लॉर्ना म्हणाली.

"कोणत्या बटणावरची?"

"ते विचारू नकोस. फलक बघ."

मॅडॉक्सनं शब्द पाळला. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत ऑर्विल पडला. लॉर्नाचं समितीवरचं पद काढून घेतलं. आता या बाकावर एक गुळगुळीत गृहस्थ बसतात. आधी मॅडॉक्सकडे बघतात, मग हिरवं दाबतात. माझ्यावर धूळ साचली आहे.

हार्लो बेंडमध्ये अजून गुरुवारी पंगत बसते. पण तेच विधेयक पुन्हा येतंय, याच अधिवेशनात! मी तयार आहे. माझी स्प्रिंग शाबूत आहे. फक्त मला अंगठा नाही. तो तुम्ही पाठवता, मतदारहो. पाठवण्याआधी एवढंच बघा, तो त्या माणसाचा स्वतःचाच आहे ना, की मॅडॉक्सचा.