दोनदा कापलेलं वय

शिवणकाम करणाऱ्या सासूबाईंनी जन्मभर लोकांची मापं घेतली, पण नातवाचं माप कुणाला घेऊ दिलं नाही. पोर दोन महिने आधीच जन्माला आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. "वर्षाचा होऊन एवढुसाच?" असं शेजारच्या चौकशीबाई विचारणार, हे ओळखून त्यांनी बाळाचं वय परस्पर दोन महिन्यांनी उतरवलं. गल्लीच्या लेखी ते दहा महिन्यांचं. सुनेनं नाक मुरडलं.

आज नव्या दवाखान्यात तपासणी होती. चौकशीबाई "सोबत म्हणून" आल्या आणि उघड्या दाराशीच खुर्ची धरून बसल्या.

"केवढा झाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दहा महिन्यांचा." सासूबाई सवयीनं बोलून गेल्या.

"दोन महिने आधी झालाय म्हणालात ना मघाशी? मग आठच धरायचे. लवकर जन्मलेल्यांचं असंच मोजतात."

सासूबाईंनी कापलेलं कापड डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कापलं होतं! सुनेनं तोंड उघडलं, तशी सासूबाईंनी तिच्या पायावर पाय दिला.

बाळाला बसवलं, ते कलंडलं. पुन्हा बसवलं, पुन्हा कलंडलं.

"पाय थोडे ताठ वाटतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आठव्या महिन्यात एवढी घाई नको. तीन महिन्यांनी या."

सुनेनं पाय सोडवून घेतला. "आई, तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

दारातल्या चौकशीबाईंचा पदरानं वारा घेणारा हात थांबला होता. सासूबाईंनी तिकडे पाहिलं, मग बाळाकडे.

"वर्षाचा आहे," त्या पुटपुटल्या.

"काय?"

"वर्षाचा आहे हो! मीच कमी करून सांगते. लोक नावं ठेवतात म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी बाळाचं पाऊल पुन्हा हातात घेतलं, हळूच वर वळवलं. ते वळेना. "म्हणजे दहा धरायचे. मग थांबायचं नाही. मेंदूची तपासणी याच आठवड्यात आणि व्यायाम आजपासून."

"चालेल ना हो तो?"

"आत्ता नाही सांगता येणार. लवकर सुरू केलं तर फायदा होतो, एवढं नक्की. धरा बघू पाऊल."

सासूबाईंनी धरलं. बाळ कळवळलं.

"आई, आवळू नका," सून म्हणाली आणि त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दाब हलका करू लागली.