घरच्यासारखी

सकाळी पावाला अवोकाडो लावता लावता सोराइदाने नवऱ्याला दोन बातम्या दिल्या. पहिली, गॅस संपत आला होता. दुसरी, तिची चुलतबहीण नातिविदाद डोंगरातल्या वांता गावाहून रविवारी लेकीला घेऊन राजधानीत, लिमात येणार होती. पोर दहा वर्षांची, नाव लुस्मिला. तिचा राहिलेला बाप्तिस्मा उरकायचा, तेओदोमिरोने धर्मपिता व्हायचं, आणि मग पोर इथेच राहील. शाळेत जाईल जमेल तशी, घरात हातभार लावील.

"झोपेल कुठे?" तेओदोमिरोने विचारलं.

"धुण्याच्या मशीनशेजारी. मागे तूच मोजली होतीस ना ती जागा?"

मोजली होती. तेओदोमिरो बासालारने आयुष्यभर दुसरं केलं काय? घरांच्या दलालीत त्याचे केस गेले, पोट आलं आणि भाषा तयार झाली. त्याच्या जाहिरातीत 'हवेशीर' म्हणजे खिडकी नीट लागत नाही, 'समुद्रदर्शन' म्हणजे न्हाणीघरात स्टुलावर उभं राहावं लागतं, आणि 'शांत शेजार' म्हणजे मागे दफनभूमी आहे. तो खोटं कधीच बोलत नसे. खरं तेवढं बारीक अक्षरात छापत असे.

लिमाच्या मिराफ्लोरेस भागातल्या जुन्या फ्लॅटांना स्वयंपाकघरामागे एक खोली असते. खिडकी नाही, खाटेएवढी लांबी, आणि मागच्या जिन्याला उघडणारं वेगळं दार. तिला 'सेवाखोली' म्हणतात. हल्लीच्या तरुण गिऱ्हाइकांना तेओदोमिरो सुचवायचा की इथे कपाटं बसतील, वाइन राहील, कुत्रा राहील. माणूस राहील असं सुचवण्याची हिंमत मात्र त्यालाही होत नसे.

त्या दिवशी त्याच्याकडे विकायला आलेल्या फ्लॅटच्या सेवाखोलीत माणूस होता. एलादिया. साठी उलटलेली. मालकीणबाई ओर्तेन्सिया ईस्टरच्या सुमारास वारल्या, आणि मुलगा डॉक्टर रेनातो याने फ्लॅट विकायला काढला. एलादिया लहानपणी डोंगरातून आली ती ओर्तेन्सियाबाईंची धर्मकन्या म्हणून. धर्मकन्या म्हटल्यावर पगाराचा प्रश्नच नव्हता. आईकडे कोणी पगार मागतं का? तिने रेनातोला वाढवलं, बाईंचं दुखणं काढलं. एका नाताळला भरल्या पंगतीत बाईंनी जाहीर केलं होतं की ती खोली एलादिया असेपर्यंत एलादियाची. ते ऐकायला एलादियाला ओले हात पुसत स्वयंपाकघरातून यावं लागलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात रेनातोने.

तोच रेनातो आता तेओदोमिरोला म्हणाला होता, की बाई घरच्यासारखी आहे, तिला रस्त्यावर कशी सोडू? सुर्कियो वस्तीत एक खोली बोलून ठेवली आहे, भाडं मी भरीन, तुम्ही तिला फक्त दाखवून आणा. तेओदोमिरोला गहिवरून आलं. त्याच्या धंद्यात सज्जन वारस पार्किंगच्या जागेपेक्षा दुर्मिळ.

एलादिया ठेवणीतला स्वेटर घालून टॅक्सीत बसली. वाटेत तिने एकच चौकशी केली. खोलीत दुसरी खुर्ची मावेल ना? रेनातो बाळ सूप प्यायला येईल तेव्हा त्याला बसायला हवी.

सुर्कियोतल्या घरमालकिणीने दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खोली केव्हाच दिलेली होती, आणि कुठल्याही डॉक्टरशी ती कधी बोललेली नव्हती. तेओदोमिरोने फोन लावला. रेनातो उचलेना.

परत आल्यावर तेओदोमिरोने फ्लॅटच्या कुलपात किल्ली घातली. ती जाईना. त्याने आधी रुबाबात प्रयत्न केला, मग रुबाब सोडून. तेवढ्यात रखवालदार वर आला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "तुमची टॅक्सी वळली आणि कुलूपवाला आला, साहेब. बाईंच्या पिशव्या माझ्या टेबलाखाली आहेत."

पिशव्या दोन. एकीत वर रेनातोच्या लहानपणीचा, पांढऱ्या कपड्यांतला, चौकटीतला फोटो होता. तो एलादियाच्या खाटेशी असायचा. डॉक्टरांना तोही नको असावा.

शेवटी फोन उचलला गेला.

"मनाला लावून घेऊ नका, बासालार," रेनातो समजुतीने म्हणाला. "दुसऱ्या कोणाबरोबर तिने उंबरा ओलांडलाच नसता. तुम्ही काम चोख केलंत."

"इतकी वर्षं राबली ती. तिचा पगार?"

"पगार नोकरांना देतात. ती घरच्यासारखी होती."

"मग घरातला वाटा?"

"वाटा घरच्यांचा असतो," रेनातो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एलादिया पायरीवर बसली होती. "चिडला का हो?" तिने विचारलं. मग त्या नव्या कुलपाकडे बघत म्हणाली, "लहानपणी अंधाराला भ्यायचा तो. मी त्याच्या पलंगाशी जमिनीवर झोपायचे. मला नुसतं सांगितलं असतं, तर मीच गेले असते, साहेब. सगळं पुसून, दार लावून, किल्ली त्याच्या हातात देऊन."

तेओदोमिरोकडे प्रत्येक भिंतीच्या ओलीसाठी एक गोड शब्द होता. यासाठी सापडेना. त्याने दोन्ही पिशव्या उचलल्या आणि तिला स्वतःच्या घरी नेलं.

सोराइदाने दोन दिवस आदळआपट केली, पण सूप वाढलं. एलादियाच्या पगाराचा दावा लिहून घेताना घरकामगार बायकांच्या संघटनेतल्या वकीलबाईंनी साक्षीदार कोण म्हणून विचारलं, तेव्हा तेओदोमिरो म्हणाला, "मी. तिला बाहेर काढलं ते मीच." बिल्डर आणि वारस यांच्यात ही बातमी पोचली की त्याला विकायला फ्लॅट कोण देणार, हे सोराइदाने विचारलं. कोणी देणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

रविवारी नातिविदाद आली. लुस्मिला आईच्या शालीआड, नव्या वेण्या घातलेली. बाप्तिस्मा झाला, जेवणं झाली, आणि नातिविदाद हळूच म्हणाली, "घरच्यासारखी राहील हो, दाजी. खाणंही कमी आहे तिचं."

तेओदोमिरोने काटा खाली ठेवला. "धर्मपिता झालोय, ते निभावीन. तिच्या शाळेचं माझ्याकडे लागलं. पण संध्याकाळच्या बसने ती तुझ्याबरोबर परत जाईल."

"आणि इथली भांडी कोण घासणार?" सोराइदाने विचारलं.

"मी."

"येतात तुला?"

"फुटतील थोडी."

एवढ्यात ताटं गोळा करायला एलादिया सवयीने उठली. तिच्याकडे बघून लुस्मिलाही उठली. घरून तिला तसंच शिकवून पाठवलं होतं. साठीची एक आणि दहाची एक, दोघींचा हात एकाच ताटावर पडला.

"दोघी बसा," तेओदोमिरो म्हणाला आणि ताट त्याने घेतलं.

स्वयंपाकघरातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. बाहेर टेबलाशी दोघी बसून राहिल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर. आणि नीट टेकून बसणं त्यांच्यातल्या एकीलाही जमेना.