राखण

कणसाला विळा लावण्याआधी जनकाबाईनं पदर खोचला आणि इकडेतिकडे पाहिलं. भर दुपार होती. शेषरावांच्या वावरात चिटपाखरू नव्हतं; गडीमाणसं भाकरी खायला विहिरीकडे गेली होती. तिनं एक कणीस कापलं, दुसरं कापलं. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या धुऱ्या-बांधावरची काडी तिनं उचलली नव्हती, पण हात आपल्याच शेतात असल्यासारखे भराभर चालत होते. त्याचंच तिला भय वाटलं.

आजचा दिवस तिनं मुद्दाम धरला होता. आज कचरू, तिचा एकुलता एक मुलगा, हजेरीसाठी मलकापूरला गेला होता.

गेल्या साली तो कापसाच्या गाठोड्यासह सापडला. गाठोडं नाल्यात पडलेलं मिळालं, असं त्यानं आईला सांगितलं आणि तिनं ते पोथीतल्या शब्दासारखं मानलं. कोर्टात गुन्हा शाबीत झाला. नवा कायदा आला होता म्हणे. न्यायाधीशानं त्याला तुरुंगात न धाडता वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. महिन्यातून एकदा बुलढाण्याहून येणाऱ्या साहेबापुढे मलकापुरात उभं राहायचं. मधे काही वावगं झालं, तर मूळ गुन्ह्याची सजा भोगायची. जामीन राहिले पोलीस पाटील भगवंतराव. आणि नुसते जामीन राहून थांबले, तर ते भगवंतराव कसले! त्यांनी कचरूलाच गावच्या पिकांचा राखणदार केला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणून वडनेर गावभर लोक हसले.

पण त्या दिवसापासून शिवारातलं एक बोंड हललं नाही. दरसाल कुणाची कणसं जायची, कुणाचा कापूस. ते सगळं बंद झालं. पोळ्याच्या दिवशी भगवंतरावांनी पारावर सगळ्यांदेखत कचरूची पाठ थोपटली.

"चोऱ्या कशा थांबवा लागतेत, हे सरकारनं आपल्या गावात येऊन पाहावं," ते म्हणाले.

लोकांनी माना डोलावल्या. शेजारची सुभद्राबाई जनकाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "करून करून भागला अन् देवपूजेले लागला. चांगलं झालं वं माय तुह्या पोराचं."

बिचारी मनापासून बोलली होती. जनकाबाईला मात्र ती कौतुकाची पुरणपोळी घशाखाली उतरेना. कचरूनं राखण धरली आणि चोऱ्या थांबल्या, म्हणजे आजवरच्या साऱ्या चोऱ्या त्याच्याच! कुणी तसं तोंडानं म्हणत नव्हतं, कारण म्हणायची गरजच उरली नव्हती. गावानं त्याचं सारं पोटात घातलं होतं. पण ज्यानं काही केलंच नाही, त्याला माफी कशाची? तिच्या जिवाची नुसती लाही लाही होत होती.

आता हमीचा शेवटचा महिना उरला होता. मुदत संपायच्या आत एक चोरी व्हायला हवी होती, आणि ती कचरू गावात नसताना. मग सगळ्यांचे डोळे उघडतील, चोर दुसराच आहे म्हणतील. यापलीकडे तिनं विचार केला नव्हता.

कणसं नाल्यात फेकून द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. नाल्यापाशी येऊन तिनं पदर सोडलाही. पण दाण्यांनी टच्च भरलेली ती जवारी चिखलात टाकायला हात रेटेना. जात्याखाली सांडलेला दाणासुद्धा तिनं आजवर टिपून घेतला होता. ती नाल्याच्या काठी बराच वेळ उभी राहिली, मग कणसं पुन्हा पदरात बांधून घरी आली आणि टोपल्याखाली झाकून ठेवली.

दिवस कलला तशी ती दारात येऊन बसली. आता कुणीतरी येईल, चोरी झाल्याचं सांगेल. काय बोलायचं, तेही तिनं मनाशी घोकून ठेवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी तिघे दिसले. मलकापूरच्या गाडीतून उतरल्या उतरल्याच पाटलांनी कचरूला वावरात नेलं असावं. त्याच्या काखेत अजून हजेरीला जातानाची पिशवी होती. जमिनीकडे बघत, माग काढत तो पुढे चालत होता. मागे भगवंतराव आणि शेषराव होते. घरापासून दहा पावलांवर कचरू थबकला. जमिनीवरून त्याची नजर आईच्या चिखल वाळलेल्या पायांवर आली आणि तिथंच राहिली.

"काऊन थांबला बे?" शेषराव म्हणाले. "नाल्यापाशीही असाच थांबला होता. माग बुडाला म्हणे! दाणे तं इथवर सांडले हायेत."

 शेषराव कचरूला मागे टाकून आत गेले आणि त्यांनी टोपलं उचललं.

"म्या तोडले," जनकाबाई उठून म्हणाली. "पाटील, म्या एकटीनं तोडले. हा तं मलकापुरात होता. तुमाले समजावं म्हणून तोडले, का चोर हा नोहे."

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काही उमगलं नाही, आणि उमगण्यासारखं ते नव्हतंच.

"म्याच सांगतलं होतं तिले," कचरू म्हणाला.

"खरं बोल, कचरू."

"खरंच बोलून राह्यलो, पाटील. म्या नसतांनी तोडून आण, असं म्याच सांगतलं."

भगवंतरावांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवलं. वर्षभर त्यांनी या पोरासाठी गावाशी वाद घातला होता.

"उद्या मलकापूरले जा लागते," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. शेषराव कणसं घेऊन त्यांच्या मागोमाग गेले.

जनकाबाईनं मुलाचा दंड धरला.

"काऊन बोल्ला असं? मले नेलं असतं तं नेलं असतं. तुह्यावरचं किटाळ तं गेलं असतं. मांगच्या चोऱ्या तुह्या नोहेत, हे कळलं असतं ना लोकायले!"

कचरू भिंतीला टेकून खाली बसला.

"माह्याच होत्या, माय."

"काय?"

"साऱ्या माह्याच होत्या. तीन सालाच्या. पाटलाले मालूम आहे. राखण देली त्याच दिवशी म्या त्यायले सांगून टाकलं होतं. तरीबी त्यायनं देली. शेषरावभाऊलेबी मालूम होतं. तुलेच सांगाची हिंमत झाली नाही."

जनकाबाईनं त्याचा दंड सोडला. चुलीवर ठेवलेलं पाणी खळखळत होतं. ती उठली, तिनं लाकडं मागे ओढली आणि परत येऊन त्याच्यासमोर बसली.

"खोटं बोलतं," ती ठामपणे म्हणाली. "मले वाचवाले बोलून राह्यला. मले समजत नाही का? तू नाही केल्या."

कचरूनं तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर संशयाची एक रेघही नव्हती.

"हाव माय," तो म्हणाला. "नाही केल्या."

मग त्यानं पिशवीतून हजेरीचा कागद काढून कोनाड्यात ठेवला आणि उद्यासाठी एक धोतर घडी करून त्याच पिशवीत घातलं.